मरुभूमीतील संघयात्रा : वाट, वाटाडे आणि वारसा

जैन तीर्थांचे स्मरण केले की भाविकांच्या मनश्चक्षूंसमोर प्रथम पर्वत उभे राहतात. शत्रुंजय, गिरनार, आबू, सम्मेतशिखर. पायऱ्यांची चढण, पहाटेचा गार वारा आणि माथ्यावर शिखरांची रांग, असे ते चित्र असते. थरच्या मरुभूमीत यातले काहीच नाही. चोवीस तीर्थंकरांपैकी एकाचेही कल्याणक या भूमीत झालेले नाही. वर्षाकाठी सरासरी १५ ते २० सेंटिमीटर पाऊस, क्षितिजापर्यंत वाळू, खेजडीची तुरळक झाडे आणि खोल विहिरी. तरीही जैसलमेर, लोद्रवा, अमरसागर, ब्रह्मसर आणि पोकरण ही ‘जैसलमेर पंचतीर्थी’ श्वेतांबर जैन समाजात मोठ्या श्रद्धेने केली जाते. महाराष्ट्रातील गावोगावचे संघ नाकोडाजी, ओसियाँ आणि जैसलमेर असा प्रवास दरवर्षी आखतात.

निसर्गाने वा कल्याणकाने न दिलेले हे तीर्थत्व या भूमीला कोणी दिले, असा प्रश्न विचारला तर उत्तर एकच येते. ते येथील वाटेने जाणाऱ्या श्रावकांनी आणि त्यांच्यासोबत चालणाऱ्या साधुभगवंतांनी दिले. म्हणून या तीर्थांचा इतिहास लिहायचा तर मंदिरांच्या आधी वाटेचा आणि वाटाड्यांचा लिहावा लागतो.

गुजरात व माळव्याकडून सिंध आणि मुलतानकडे जाणारे व्यापारी मार्ग या वाळवंटातून जात. भाटी राजपुतांची राजधानी आधी लोद्रवा येथे होती. पुढे रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर जैसलमेरचा किल्ला वसविला. येथे शेती जेमतेम, त्यामुळे राज्याच्या उत्पन्नात उंटांच्या तांड्यांकडून मिळणाऱ्या ‘दाणा’ला म्हणजे जकातीला मोठे स्थान होते. अफू, तूप, लोकर, रेशीम, नीळ, सुकामेवा असा माल या वाटेने जाई आणि त्या मालामागे ओसवाल व्यापाऱ्यांच्या पेढ्या उभ्या असत. राजाला व्यापारी हवा होता, व्यापाऱ्याला राजाचे अभय हवे होते. किल्ल्यातील चिंतामणी पार्श्वनाथांच्या मंदिराची प्रतिष्ठा विक्रम संवत १४७३ मध्ये, म्हणजे इ.स. १४१६-१७ च्या सुमारास झाली. तेव्हाचे राजे रावळ लक्ष्मण यांच्या नावावरून त्या जिनालयास ‘लक्ष्मणविहार’ असे नाव दिले गेले. राजपूत राजाचे नाव जिनमंदिराला मिळावे, यातच त्या काळच्या परस्परविश्वासाची साक्ष आहे.

अशा प्रदेशातून संघ काढणे हे काम साधे नव्हते. ज्याला आज आपण ‘छ’री पालित संघ’ म्हणतो, त्यात यात्रिकाने सहा नियम पाळावयाचे असतात. एकाहारी, सचित्तपरिहारी, पादचारी, भूमिसंथारी, ब्रह्मचारी आणि आवश्यककारी. प्रत्येक शब्दाच्या शेवटी ‘री’ येतो, म्हणून ‘छ’री’. दिवसातून एकदा भोजन, सचित्ताचा त्याग, अनवाणी चालणे, जमिनीवर झोपणे, ब्रह्मचर्य आणि दोन्ही वेळचे प्रतिक्रमण. कोकणात वा गुजरातेत हे नियम कठीण आहेतच, परंतु मरुभूमीत त्यांचा अर्थच पालटतो. वाळवंटातील व्यापारी तांडे उन्हाळ्यात रात्री चालतात. दिवसा झोपतात आणि ताऱ्यांच्या आधाराने वाट काढतात. जैन संघाला ही सोय नाही. अंधारात पायाखालचा जीव दिसत नाही, म्हणून ईर्यासमिती पाळणाऱ्या साधुसाध्वींना रात्री विहार करता येत नाही. साहजिकच संघ दिवसाच्या उजेडात चालणार, आणि दिवसा चालावयाचे तर हिवाळाच हवा. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की संघाची तयारी सुरू होई आणि वाळू तापण्याच्या आत मुक्कामी पोहोचावे लागे. नियमाने ऋतू ठरविला आणि ऋतूने वाट ठरविली.

पाण्याचे गणित याहून अवघड. जैसलमेरकडील विहिरी २०० ते ३०० फूट खोल. उंटाने दोर ओढून एकेक चरस वर काढावयाचा, तो गाळावयाचा, उकळावयाचा, आणि गाळताना वस्त्रावर राहिलेली ‘जिवाणी’ त्याच विहिरीत परत सोडावयाची. ज्या गावी विहीर एकच, तेथे गावकऱ्यांची आणि गुरांची तहान आधी. शेकडो यात्रिक अचानक येऊन उतरले तर गाव काय पिणार? पुढे माणसे धाडून पाण्याचा अंदाज घेतल्याशिवाय कोणताही शहाणा संघपती पुढचा मुक्काम जाहीर करीत नसे.

आणि मग संरक्षण. वाट जाणणाऱ्याला या भागात ‘भोमिया’ म्हणत. भोमियाला विहीर ठाऊक असे, वाऱ्याने सरकलेली टेकडी ठाऊक असे, आणि कोणत्या गावचा ठाकूर कोणाच्या शब्दाखाली आहे हेही ठाऊक असे. तांड्यासोबत चारण असला तर राजपूत सहसा हात लावीत नसत, कारण चारणाचा शब्द मोडल्यास तो आत्मबलिदान करील आणि ते पाप आपल्या कुळाला लागेल ही धास्ती असे. या साऱ्या व्यवस्थेचा धनी म्हणजे संघपती. यात्रेचा खर्च त्याचा, यात्रिकांच्या जिवाची जोखीमही त्याचीच. तीर्थी पोहोचल्यावर गुरुभगवंतांच्या निश्रेत त्याला तीर्थमाळ घातली जाई आणि त्याच्या वंशजांना ‘संघवी’ म्हणू लागत. आज हे केवळ आडनाव वाटते, पण मुळात ती एका पार पाडलेल्या जबाबदारीची पोच आहे.

जोधपूरहून जैसलमेरकडे निघालेला महाराष्ट्रातील यात्रिक बहुधा प्रथम ओसियाँला थांबतो. जोधपूरपासून सुमारे ६५ किलोमीटरवरील हे गाव ओसवाल समाजाचे उगमस्थान मानले जाते. आचार्य रत्नप्रभसूरींनी येथे प्रतिबोध दिला अशी परंपरा आहे. येथील महावीरस्वामींचे मंदिर प्रतिहार राजा वत्सराजाच्या काळी, आठव्या शतकात उभे होते असा उल्लेख संवत १०१३ च्या शिलालेखात आहे. पुणे, नाशिक, जळगाव आणि अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील कितीतरी ओसवाल कुटुंबे आजही सच्चियाय मातेच्या दर्शनास येतात, बाळाचे जडुले येथे उतरवितात. इतिहासाच्या दृष्टीने ओसियाँवर स्वतंत्र लेख हवा. येथे तो केवळ वाळवंटाचा उंबरठा आहे.

जैसलमेरच्या वायव्येस सुमारे १५ किलोमीटरवर लोद्रवा आहे. काक नदीच्या कोरड्या पात्राकाठी एके काळचे हे भरभराटीचे नगर बाराव्या शतकात उद्ध्वस्त झाले. मूमल आणि महेंद्र यांची राजस्थानभर गाइली जाणारी प्रेमकथा याच गावची. मूमलच्या महालाचे अवशेष म्हणून दगडांचा एक ढीग दाखवितात. नगर गेले, राजधानी गेली, लोक गेले. अशा निर्जन ठिकाणी सुमारे पावणेपाचशे वर्षांनी एका श्रावकाला जिनालयाचा जीर्णोद्धार करावासा वाटला. त्यांचे नाव थाहरूशाह भणसाळी.

थाहरूशाहांविषयी एक कथा सांगतात. ते तुपाचे व्यापारी होते. एके दिवशी खेड्यातील एक बाई तुपाचे मडके घेऊन आली आणि दुकानात चुंबळीवर मडके ठेवून बसली. शाह तूप मोजून घेऊ लागले, पण तूप संपेचना. त्यांच्या ध्यानात आले की ही करणी मडक्याची नाही, खालच्या चुंबळीची आहे. ती चुंबळ चित्रावेलीची होती. त्यांनी ती चुंबळ मिळविली आणि त्यांच्या घरी अखूट संपत्ती आली. कथा भाविकतेने सांगितली जाते, परंतु दुकानात बसणाऱ्या माणसाला ती थोडी बोचते. त्या बाईला चुंबळीचे मोल कळले होते काय, हे कथा सांगणारे सहसा विचारीत नाहीत. थाहरूशाहांच्या बाजूने एवढेच म्हणता येते की आलेल्या धनाचा विनियोग त्यांनी उघड्यावर, सर्वांना दिसेल असा केला. लोद्रव्याच्या जिनालयाची प्रतिष्ठा खरतर गच्छाचे आचार्य जिनराजसूरी यांच्या हस्ते संवत १६७५ मध्ये, म्हणजे इ.स. १६१८ च्या सुमारास झाली. मूलनायक सहस्रफणा पार्श्वनाथांची श्यामवर्णी प्रतिमा कसोटीच्या दगडाची आहे. ती घेऊन कारागीर मुलतानकडे निघाले होते, वाटेत लोद्रव्यास मुक्काम पडला आणि शाहांनी प्रतिमेच्या भारोभार सोने देऊन ती घेतली, अशी परंपरा आहे. म्हणजे मूर्तीसुद्धा येथे वाटेवरूनच आली.

थाहरूशाहांनी शत्रुंजयाचा संघही काढला. संवत १६८२ मध्ये त्यांनी शत्रुंजयावर चोवीस तीर्थंकरांच्या १४५२ गणधरांच्या पादुका प्रतिष्ठित केल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. संघासोबत ज्या लाकडी रथात भगवंतांना नेले, तो रथ लोद्रव्याच्या मंदिरात आजही जपून ठेवलेला दाखवितात. बहुतेक यात्रिक तोरण पाहतात, धातूचा कल्पवृक्ष पाहतात आणि रथाकडे एक नजर टाकून पुढे जातात. वास्तविक तेथे थांबावयास हवे. जैसलमेर ते पालिताणा हे अंतर, तीही त्या काळची वाट, आणि त्यावरून रेतीत रुतणारी ही लाकडी चाके. प्रत्येक मुक्कामी तो रथ कोणी ओढला, कोठे अडला, कोणी खांदा दिला, याची नोंद नाही. चाके मात्र आहेत.

नोंदीच्या बाबतीत पुढचा मोठा संघ अधिक नशीबवान ठरला. जैसलमेरच्या ‘पटवों की हवेली’ची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. गुमानचंद बाफना यांच्या पाच पुत्रांसाठी १८०५ च्या सुमारास तिच्या बांधकामास आरंभ झाला. पटवा हे नाव जरी-कलाबतू आणि रेशमी दोऱ्याच्या धंद्यावरून पडले, पण या घराण्याची खरी सत्ता सावकारीत होती. उदेपूर, कोटा, इंदूर अशा ठिकाणी त्यांचा व्यवहार पसरला होता. या बाफना बंधूंनी संवत १८९१ मध्ये, म्हणजे इ.स. १८३४-३५ मध्ये, सिद्धाचलजींचा प्रचंड संघ काढला. त्याचा सविस्तर वृत्तान्त अमरसागर येथील मंदिरात शिलालेखाच्या रूपाने आहे. कलकत्त्याचे पूरणचंद नाहर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जैसलमेरच्या लेखसंग्रहात तो छापला आहे.

हा शिलालेख संस्कृत प्रशस्तीसारखा अलंकारिक नाही. तो मारवाडी बोलीत, वहीत नोंद करावी तसा लिहिला आहे. कोणत्या राज्याने संरक्षणासाठी किती माणसे दिली, संघ कोठे कोठे थांबला, कोणाचा कसा सन्मान झाला, सारे ओळीने येते. उदेपूर, कोटा, बुंदी, जैसलमेर ही राज्ये, टोंकचे नबाब आणि इंग्रज, असे एकमेकांशी फारसे न पटणारे सत्ताधीश एका संघाच्या रक्षणापुरते एकत्र आलेले दिसतात. यामागे धर्मादर किती आणि पटव्यांच्या पेढीवरील कर्ज किती, हे सांगणे कठीण आहे. दोन्ही असणार. पण महत्त्वाची गोष्ट अशी की पटव्यांनी हा जमाखर्च दगडावर कोरून ठेवला. अमरसागरचे मोठे आदिनाथ मंदिर याच घराण्यातील हिंमतराम बाफना यांनी संवत १९२८ मध्ये, म्हणजे इ.स. १८७१ मध्ये बांधले. तोपर्यंत वाळवंटातील तांड्यांचा व्यापार मावळू लागला होता. मुंबई आणि कराची ही बंदरे आणि पाठोपाठ आगगाडी यांनी उंटांच्या वाटा ओस पाडल्या. जैसलमेरचे जैन एकेक करून माळव्यात, दक्षिणेत, कलकत्त्यात गेले. मंदिरे मागे राहिली.

याच थर वाळवंटाच्या दक्षिण टोकाला, सिंधमधील थरपारकर भागात, एक असे तीर्थ होते की जे मंदिरासह मागे राहिले आणि तरीही हरवले. ते म्हणजे गोडी पार्श्वनाथ. मुंबईच्या पायधुनीवरील गोडीजी मंदिर, जेथे १८१२ मध्ये प्रतिष्ठा झाली, आणि पुण्यातील गुरुवार पेठेतील गोडीजी मंदिर हे महाराष्ट्रातील जैनांच्या नित्य परिचयाचे आहेत. परंतु ‘गोडी’ हे नाव कोठून आले, असे नव्या पिढीतील मुलांना विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही.

मूळ गोडीजींचे मंदिर इस्लामकोट आणि नगरपारकर यांच्या दरम्यान आहे. मेघाशाह नावाच्या श्रावकाने पाटणहून पार्श्वनाथांची प्रतिमा आणली आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे तीर्थ उभे राहिले, अशी परंपरा आहे. संगमरवराचे हे मंदिर ५२ देवकुलिकांचे आहे. पुढे अशांततेच्या काळात तेथील सोढा राजपूत प्रमुखाने प्रतिमा मंदिरातून काढली आणि वाळूत पुरून ठेवली. ठिकाण त्या घराण्यालाच ठाऊक. दूरदूरचा संघ आला, ठरलेला कर भरला, की प्रतिमा बाहेर काढली जाई, उत्सव होई, दर्शन होई, आणि मग ती पुन्हा अज्ञात जागी वाळूत जाई. स्टॅन्ली नेपियर रेक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८५० च्या दशकात थर-पारकरचा वृत्तान्त लिहिताना ही हकीगत नोंदविली आहे. मरुभूमीतील वाटाड्याची सत्ता याहून मोठी कोठे झाली नसेल. येथे भोमियाच्या हाती केवळ वाट नव्हती, प्रत्यक्ष भगवंतांचे दर्शन होते.

सोढा घराण्याने प्रतिमा लपविली नसती तर ती कदाचित भंगली असती, म्हणून त्यांना दोष देणे सोपे नाही. त्यांनी दर्शनाचे पैसे घेतले हेही खरे. परंतु जे ज्ञान एकाच घरात राहिले ते त्या घरावर संकट येताच संपले. सिंधच्या अमिरांच्या काळातील धामधुमीत ठिकाण जाणणारे कोणी उरले नाही असे सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर मूळ प्रतिमेचे दर्शन कोणाला झाले नाही. १९४७ मध्ये सरहद्द आली आणि मंदिराची वाटही बंद झाली. मंदिराची वास्तू, तिच्या घुमटातील चित्रे आजही पाकिस्तानात उभी आहेत. २०१६ मध्ये नगरपारकरच्या सांस्कृतिक परिसराचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला. भाविकांपुरते गोडीजी मुंबई-पुण्याच्या पेठांतून आणि स्तवनांतून राहिले आहेत. व्यापारात ज्या पेढीचा हिशेब एकाच मुनिमाच्या डोक्यात असतो, तिची गत काय होते हे वेगळे सांगावयास नको.

आता याच्या अगदी उलट उदाहरण पाहावे. जैसलमेरच्या किल्ल्यातील संभवनाथ जिनालयाची प्रतिष्ठा संवत १४९७ मध्ये आचार्य जिनभद्रसूरी यांच्या हस्ते झाली. मंदिराच्या तळघरात त्यांच्या नावाचे ज्ञानभांडार आहे. जिनभद्रसूरींनी जैसलमेर, जालोर, देवगिरी, नागोर आणि पाटण येथे ग्रंथभांडारे स्थापिली, असे महोपाध्याय समयसुंदर यांनी नमूद केले आहे. या यादीतील देवगिरी म्हणजे आपला दौलताबाद. पंधराव्या शतकातील मरुभूमीचा आचार्य ग्रंथरक्षणासाठी देवगिरीचा विचार करतो, यावरून संघाच्या वाटा किती दूर पोहोचल्या होत्या याची कल्पना येते.

जैसलमेरचे भांडार टिकले याची कारणे तीन. कोरडी हवा, किल्ल्याचा आडमार्ग आणि कुलपे. कुलपे अनेक आणि किल्ल्या वेगवेगळ्या पंचांकडे असत. सर्व पंच जमल्याखेरीज दार उघडत नसे. येथे गोडीजींची चूक झाली नाही, कारण एक किल्लीवाला गेला तरी त्याच्या जागी दुसरा येई. ताडपत्रांच्या पोथ्या लाकडी पाटल्यांत दाबून, कापडाच्या बासनात बांधून ठेवलेल्या. त्यांत संवत १११७ ची ओघनिर्युक्तीची सचित्र प्रत आहे, जी जैन चित्रकलेच्या अभ्यासात फार प्राचीन मानली जाते.

मात्र रक्षणाचाही अतिरेक होतो. जे उघडत नाही ते वाचलेही जात नाही. १८७४ च्या आरंभी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातील डॉ. ब्यूलर आणि त्यांच्यासोबत चोविशीही न ओलांडलेले हर्मन याकोबी जैसलमेरला पोहोचले, तेव्हा पंचांनी दारे सहजासहजी उघडली नाहीत. जे पाहावयास मिळाले त्यात बिल्हणाचे ‘विक्रमांकदेवचरित’ निघाले. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याचे, म्हणजे ज्याच्या राज्यात महाराष्ट्राचा मोठा भाग होता त्या राजाचे हे चरित्र. त्याची पोथी सापडली ती राजस्थानच्या वाळवंटात, एका जिनमंदिराच्या तळघरात. दोघांनी ती हाताने नकलून घेतली आणि १८७५ मध्ये ती मुंबईत छापून प्रसिद्ध झाली. जैन श्रावकांनी परधर्मीय कवीचा ग्रंथही तितक्याच निष्ठेने सांभाळला होता, ही गोष्ट अभिमानाची आहे.

‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथाची कथाही अशीच. उद्योतनसूरींनी तो शके ७०० मध्ये जालोर येथे पूर्ण केला. त्यातील बाजाराच्या प्रसंगात नाना देशांचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलतात आणि त्यांत मराठी माणूसही आहे. मराठी भाषेच्या इतिहासकारांना हा उल्लेख मोलाचा वाटतो. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील प्राध्यापक डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी या ग्रंथाची संपादित आवृत्ती १९५९ मध्ये सिद्ध केली. त्यासाठी त्यांच्यापुढे दोन प्रती होत्या. एक पुण्याची कागदी आणि दुसरी जैसलमेरची, संवत ११३९ ची ताडपत्री.

भांडाराला खऱ्या अर्थाने वाट फोडली ती मुनिश्री पुण्यविजयजी महाराजांनी. १९५० मध्ये ते पायी विहार करीत जैसलमेरला आले आणि सुमारे दीड वर्ष राहिले. तेव्हा जैसलमेरला आगगाडी नव्हती. एकेक पोथी सोडवावयाची, मिसळलेली पाने ओळखून जुळवावयाची, क्रमांक द्यावयाचा, सूक्ष्मपट काढून घ्यावयाचे, पुन्हा नव्या बासनात बांधून धातूच्या पेटीत ठेवावयाचे. उन्हाळ्यातही काम थांबले नाही. १९७१ मध्ये मुंबईत ते कालधर्म पावले. त्यांनी सिद्ध केलेली जैसलमेर-संग्रहाची सूची पुढल्या वर्षी अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृति विद्यामंदिराने प्रसिद्ध केली. त्यांच्यानंतर मुनिश्री जंबूविजयजी महाराजांनी ते काम पुढे नेले आणि २००० मध्ये त्यांची सूची प्रसिद्ध झाली. वाटाड्याने आपल्यामागून येणाऱ्यासाठी खुणा ठेवाव्यात, तशा या सूच्या आहेत. आता जैसलमेरला न जाताही कोणती पोथी कोठे आहे हे कळते.

१९६५ च्या युद्धानंतर सरहद्दीकडे पक्के रस्ते झाले, साठच्या दशकाच्या अखेरीस जैसलमेरला रेल्वे आली, आणि मरुभूमीची यात्रा सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. महाराष्ट्रातून निघणारा आजचा यात्रा-प्रवास म्हणजे जोधपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. सोबत रसोईचे महाराज, उकळलेल्या पाण्याच्या टाक्या, नवकारशीला चहा आणि सूर्यास्तापूर्वी भोजनशाळा गाठण्याची घाई. वृद्ध माता-पित्यांना यामुळे दर्शन घडते, ही सोय लहान नाही. पूर्वी शंभरात एखाद्याला जे पुण्य लाभे ते आज साऱ्या घराला लाभते. पण वेळापत्रकात लोद्रव्याला पाऊण तास आणि किल्ल्याला दीड तास असेल तर त्यात पूजा, भाता आणि फोटो एवढेच मावते. संघपतीची जागा यात्रा-संचालकाने घेतली आहे. तो तिकिटे आणि खोल्या चोख पाहतो. तळघरात काय आहे, रथ कोणाचा, अमरसागरच्या शिलालेखात काय लिहिले आहे, हे सांगणे त्याच्या कामात धरलेले नाही. ते किल्ल्याबाहेर उभ्या असलेल्या एखाद्या गाइडकडून ऐकावे लागते आणि त्याच्या तोंडी थाहरूशाह कधी राजे होतात, तर कधी दिवाण.

किल्ल्याचीही एक व्यथा आहे. पाण्याच्या टंचाईसाठी बांधलेल्या त्या टेकडीवर नळ आले, पर्यटक वाढले, सांडपाणी मुरू लागले आणि गेल्या शतकाच्या अखेरीस काही बुरूज ढासळले. २०१३ मध्ये राजस्थानच्या अन्य पाच किल्ल्यांसह तो जागतिक वारसा ठरला. ज्या ठिकाणी संघ पाण्याचा थेंब मोजून वापरी, तेथे आता जास्तीच्या पाण्याने पाया खचावा, हे चमत्कारिक आहे खरे.

पायी चालणारे मात्र अजून आहेत. हिवाळ्यात मारवाडच्या रस्त्यांवर छ’री पालित संघ दिसतात, साधुसाध्वींचे विहार तर चातुर्मास वगळता वर्षभर चालूच असतात. वाळूची भीती संपली आणि तिच्या जागी डांबरी रस्त्याची आली. नोव्हेंबर २००९ मध्ये बाडमेर जिल्ह्यात पायी विहार करीत असताना वाहनाच्या धडकेने मुनिश्री जंबूविजयजी महाराज कालधर्म पावले. वयाच्या ८७ व्या वर्षी, ज्या मरुभूमीतील पोथ्यांसाठी त्यांनी आयुष्याची वर्षे दिली तिच्याच रस्त्यावर.

तेव्हापासून विहारातील सुरक्षेचा प्रश्न समाजाने अधिक गंभीरपणे घेतला आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत तरुणांचे विहारसेवा गट काम करतात. पहाटे उजाडू लागले की चमकणारे पट्टे लावलेली जाकिटे घालून दोघे साध्वीजींच्या पुढे आणि दोघे मागे चालतात, हातात बत्ती असते, आणि पुढच्या गावच्या उपाश्रयाची सोय आदल्या दिवशीच फोनवरून ठरलेली असते. वेशीवर पुढल्या गावची मुले उभी असतात. तेथे बत्ती त्यांच्या हाती दिली जाते आणि ही मुले दुकान उघडण्याच्या वेळेपर्यंत घरी परततात.